छतातलं पीठ

वर्ध्यातल्या त्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही मान खाली घालून जेवायचो. वर पाहिलं की डोळ्यात पीठ पडे. छताच्या कवेलूंखालचे, म्हणजे कौलांखालचे, बांबू किड्यांनी पोखरले होते आणि त्यांचा पिवळट भुगा भाकरीवर सांडायचा. बाबा जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलत. त्यांना आधीच खोकला, त्यात हा भुगा.

आम्ही बौद्ध झाल्यापासून दुसरी खोली कोणी देत नव्हतं. घरमालकाला ते पक्कं ठाऊक होतं. आमच्या ज्वारीच्या पोत्यातला एक किडा चिमटीत धरून त्यानं तो अंगणात सगळ्या भाडेकरूंना दाखवला.

"देव सोडले अन् किडे घेऊन आले. तुमच्या पोत्यातूनच चढले हे वर. होळीच्या आत खोली खाली करून देजा."

"छत तुमचं सडलं, अन् चोर आमचं पोतं?" आई म्हणाली.

भाडेकरू आईलाच हसले. तेही त्याच्याच बाजूचे.

खोली गेली असती तर माझं कॉलेज सुटलं असतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या माणसासाठी ते सोडणार नव्हतो. पोत्यातले किडे मी बांबूच्या चांगल्या तुकड्यासोबत एका बाटलीत भरले. दुसरीत नुसता छतातला तुकडा. पहिलीतले किडे उपाशी मेले, बांबूवर ओरखडाही नाही. दुसरीत तुकड्याच्या आतूनच भुगा आला, मागोमाग किडे. पोत्यातल्याला सोंड होती, छतातल्याला नव्हती; दोन्ही किडे वेगळेच. दोन्ही बाटल्या मी अंगणात मांडल्या.

"शिकल्याचे नखरे," मालक म्हणाला.

बाबांनी छतातला तुकडा हातात घेतला. "मालक, हे बांबू नाल्यात मुरवलेच नाई ना?"

आमच्या गावात बांबू पाण्यात मुरवल्याशिवाय कोणी घरावर चढवत नाही. हिरव्या बांबूत गोडी असते, किडा तीच खायला येतो.

"पोरीच्या लग्नाची घाई होती. बैलबंडीतून आले तसे चढवले."

तेव्हा शेजारच्या खोलीतली भाडेकरीण बोलली, "मंग आमच्या छतात कोणाचं पोतं चढलं, मालक?"

भुगा तिच्याही ताटात पडत होता. आता कोणी हसलं नाही.

सगळ्यांनीच धारेवर धरल्यावर मालकानं ते बांबू उतरवून जाळले. नवे नाल्यात मुरवून, वाळवून, इंजिनाचं जळकं तेल चोपडून चढवले. माफी त्यानं मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती, आजही देणार नाही.

आम्ही खोली सोडली नाही. भुगा पडणं थांबलं आणि त्याच खोलीत राहून मी बी.एस्सी. झालो.