ऋचाला शाळेत जायचंय

नारायण पेठेत आमच्या ग्रुपची एक भाड्याची खोली आहे. शाळा सोडून स्वतःचं शिक्षण स्वतः ठरवणारी मुलं दर शनिवारी तिथे जमतात आणि आम्ही चार-पाच मोठी माणसं त्यांचे मेंटॉर. मेंटॉर हा शब्द भारी वाटतो, पण प्रत्यक्षात आम्ही सतरंजी घालतो, चहा करतो आणि ऐकतो.

आमचा नियम एकच. मुलाने काहीही करायचं ठरवलं तरी ‘नाही’ म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, ‘काय मदत हवी?’ आणि एखाद्याला बोलायचं नसेल तर तो ‘पास’ म्हणतो... मग त्याला पुढे कुणी छेडायचं नाही.

हे नियम अविनाशचे. त्यानेच हा ग्रुप सुरू केला, मुलीसाठी चांगली नोकरी सोडून. एका मुलाने मागे जाहीर केलं की मी काही महिने फक्त झोपणार आहे. अविनाशने शांतपणे विचारलं, ‘काय मदत हवी?’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला जाड पडदे नेऊन दिले. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्याला हात जोडले होते.

ऋचा ही त्याचीच मुलगी. चौदा वर्षांची, शाळेची पायरी कधी न चढलेली. मे महिन्यात एका शनिवारी तिची बोलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “मला शाळेत जायचंय. नववीत.”

मग तिनेच कारण सांगितलं. रोज सकाळी उठून आज काय करायचं हे स्वतःच ठरवायचा तिला थकवा आलाय. तिला कुणीतरी गृहपाठ द्यायला हवाय, वर्गात कंटाळायचंय, आणि मधल्या सुट्टीत शेजारी बसायला रोज तीच मैत्रीण हवीये.

विश्रांतवाडीत त्यांच्या घरासमोरच शाळा आहे. ही एकटी जाऊन मुख्याध्यापिकांना भेटून आली होती. त्या म्हणाल्या होत्या, जूनच्या आत आई-वडिलांना घेऊन ये, बघू. आम्ही इतकी वर्षं जे जे शिकवतो ते पोरीने चोख केलं होतं... इच्छा ओळखली, चौकशी केली, सगळ्यांसमोर मांडलं.

आम्ही सगळे अविनाशकडे बघत होतो. तो हसला. म्हणाला, “ही तुझी इच्छा नाहीये बाळा, बाहेरचं प्रेशर आहे. थोडा वेळ घे.”

झोपणाऱ्याला पडदे आणि हिला वेळ!

तो तिच्यावर एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. त्याने तिला डोंगरातल्या कॅम्पला पाठवलं, शाळेत न जाता मोठी झालेली दोन माणसं जेवायला बोलावली, रोज रात्री जवळ बसवून तिच्याशी ‘संवाद’ केला. तिची आई मधल्या मध्ये गप्प. या सगळ्यात जून उजाडला आणि शाळा सुरू झाली.

तेव्हापासून ऋचा दर शनिवारी ‘पास’ म्हणायला लागली. आणि आम्ही शहाणी माणसं काय करत होतो? तिच्या ‘पास’चा आदर! पोरगी वाळत चालली होती, नखं खाऊन बोटं सोलवटली होती, आणि आम्ही मान डोलावून पुढच्या मुलाकडे वळत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरात आत्या-मावशीने केव्हाच दरडावून विचारलं असतं.

गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर आम्ही दोघी सतरंजी घडी करत होतो. मी ‘पास’चा नियम बाजूला ठेवला आणि म्हटलं, “ऋचा, काय मदत हवी?”

तिने तिच्याकडचं सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, “नीलाताई, तू बाबाला सांग ना, तो चुकला नाहीये. त्याला हे पटलं, तरच मी शाळेत जाऊ शकेन.”

चौदा वर्षांच्या मुलीने हे ओझं का उचलावं?

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. अविनाशला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, पण मी तिला नाही कुठे म्हटलंय?”

खरं होतं ते. तो शब्द त्याने एकदाही उच्चारलेला नाही.

ऋचा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हटलं, आता तूच बोल. तिने बापाकडे पाहिलं. तो हसत होता, नेहमीसारखाच, प्रेमाने...

“पास,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी चहा न घेताच निघाले. तिच्या आईने खाली सोडायला येताना सांगितलं, समोरच्या शाळेत प्रार्थना सुरू झाली की ऋचा रोज गॅलरीचं दार लावून घेते. मी गाडी सुरू केली आणि कोपऱ्यावर जाऊन रडले. त्याचा राग आला म्हणून रडले, आणि तो वाईट माणूस नाही म्हणूनही.

हे लिहू का, असं ऋचाला विचारलं. ती म्हणाली, लिही, फक्त नावं बदल. बदलली आहेत. ज्याने वाचायला हवं त्याला तरीही कळेल. वर्षभर ती दाराआड बसलेली मला बघवणार नाही.

मित्रा, तू वाचतोयस हे मला माहितीये. तुझा नियम आज तुझ्यासाठीच वापरते, कारण तुमच्या घरात खरा अडकलेला तू आहेस.

काय मदत हवी?