रविवारचे भय

एप्रिलमधल्या लातूरच्या दुपारी कूलरच्या भिजलेल्या गवताला जो ओलसर, किंचित कुबट वास सुटतो, तो नाकाशी आला की अजूनही मी आज कोणता वार आहे ते आधी आठवून पाहते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी मी मुखेडहून तिथे राहायला गेले होते. पहिल्या खेपेस गुण कमी पडले, म्हणून हे दुसरे वर्ष. शिकवणीच्या लांबट सभागृहात दर रविवारी सराव परीक्षा होई, आणि शनिवारची उन्हे कलू लागली, की ते भय पावले न वाजवता येऊन माझ्या शेजारी बसे. पाठ असलेली सूत्रे डोळे मिटताच विरून जात.

बाबा गणिताचे शिक्षक. "अभ्यास झालेल्याला भीती कशाची?" असे ते वर्गात आणि घरातही म्हणत. म्हणून मला भयापेक्षाही त्याच्या अर्थाची धास्ती होती: मी घाबरते आहे, त्याअर्थी माझा सगळा अभ्यासच खोटा आहे. मग ते मी कुणाला आणि कसे सांगणार?

एका रविवारी भौतिकशास्त्राचा पहिलाच प्रश्न वाचत होते. अक्षरे पाण्याखाली गेल्यासारखी हलू लागली, कानांत घूं घूं सुरू झाले, आणि छातीत काहीतरी इतके जोरात आपटू लागले की आपण इथेच, या बाकावर मरणार, अशी माझी खात्री पटली. मी उठले. पर्यवेक्षकांनी हाक मारली, ती ऐकू आली. पण पाय थांबले नाहीत. रणरणत्या उन्हातून चालत मी बसस्थानक गाठले आणि मुखेडच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसले.

गाडी सुटण्याआधीच नाझमीन धापा टाकत आत चढली. ती माझ्या खोलीतली मैत्रीण. धर्माबादची, तिथल्या जुन्या शिंपी घराण्यातली, आमच्या तुकडीत नेहमी पुढे असणारी.

"कुठं चाललीस?"

"घरी. मी मरायलेय असं वाटलं गं तिथं."

"मरायली नव्हतीस. घाबरली होतीस." ती शेजारी टेकली. "मला बी होतं. बारावीच्या पेपरात सगळ्यांसमोर उलटी केली मी. घाबरून झाली, हे कुणाला सांगितलं न्हाई."

मग एकाएकी माझ्या ध्यानात आले. "तुझा पेपर?"

"सोडून आले. तू उठलीस तवा तुझं तोंड पाहिलं ना."

मी रडू लागले. तिने रडू दिले. मग म्हणाली, "आज पळालीस, तर पुढच्या रविवारी त्यो हॉल लई मोठा दिसंल. हल्लू उतर."

उतरलो. स्थानकाबाहेरच्या सावलीतून मी आईला फोन लावला आणि सगळे सांगितले.

"रविवारी तुझा आवाज येगळा येतो, मला कळायलं होतं," ती म्हणाली. "घरी यायचं असंल तर ये. पर पळून नको, सांगून ये."

मी गेले नाही. त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघी लवकर जाऊन त्या रिकाम्या सभागृहात नुसत्या बसत असू, त्याच्या भिंती, त्याचा गारवा अंगाला सवयीचा होईपर्यंत. भय आलेच, तर लेखणी खाली ठेवायची, तळपाय फरशीला टेकवायचे, श्वास लांबवत सोडायचा, आणि उत्तर येते असा एकच प्रश्न शोधायचा. कधी जमे. कधी अर्धा पेपर कोरा राही, आणि मी खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राही.

खरी परीक्षा मे महिन्यात, नांदेडला. बाबा सोबत आले होते. सभागृहात घंटा झाली आणि ते आलेच: तीच अक्षरांची थरथर, तोच कानांतला घोंगाट. मी लेखणी ठेवली. आजूबाजूला सगळे लिहीत होते, आणि हातातून निसटणारा तो वेळ मला अंगावरून सरपटत जाणाऱ्या सापासारखा जाणवत होता. तरी मी श्वास सोडत राहिले. मग वनस्पतींच्या मुळांवरचा एक साधा प्रश्न दिसला. तो सोडवला. त्यानंतर दुसरा. भय शेवटपर्यंत उठून गेले नाही. त्याच्याशेजारी बसूनच मी पेपर लिहिला.

बाहेर पालकांची गर्दी उन्हात उभी होती. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. "कसा गेला?" हे त्यांनी विचारलेच नाही. आईने त्यांना काही सांगितले होते की नाही, मला ठाऊक नव्हते.

"बाबा, लई भ्या वाटलं," मी म्हणाले. त्यांना हे मी पहिल्यांदाच सांगत होते.

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी घेतलेली पाण्याची बाटली उघडू लागले. झाकण फिरेना. मला वाटले, घट्ट असेल. मग त्यांची बोटे दिसली. फळ्यावर सरळ रेघ ओढणारी ती बोटे नुसती थरथरत होती. आतले पाणीसुद्धा हलत होते. निकाल अजून लागायचा होता, आणि पुढे काय होणार हे त्या उन्हात आम्हा दोघांनाही दिसत नव्हते. मी बाटली खालून धरली, आणि ते पुन्हा झाकण फिरवू लागले.