दार मागितलं, चिमणी मिळाली

आमच्या घरात आता कुठूनही कुठलंही दिसतं. फाटकातून आत पाऊल टाकलं की सोफा दिसतो, सोफ्याच्या मागे उंच स्टुलं, स्टुलांच्या मागे ओटा आणि ओट्याच्या मागे मी. सुनेला हे फार आवडतं. नागपूरहून व्हिडिओ कॉल केला की ती म्हणते, "आई, घर किती मोकळं वाटतं ना!" मी म्हणते, हो गं, वाटतं. उगाच कशाला तिचं मन मोडा. पोरगी चांगली आहे.

घराच्या सजावटीबद्दल मला कोणी कधी मत विचारलं नाही, म्हणून माझ्याकडे मतं बरीच साठली आहेत. उदाहरणार्थ, छताच्या खाली आणखी एक खोटं छत लावून त्यात दिवे लपवायचे, हे मला आजवर समजलेलं नाही. दिवा लपवायचा असेल तर लावायचा कशाला? आमच्या मुर्री गावात भिंतीच्या फटीतून पिंपळ उगवतो, तो उपटून उपटून हात दुखतात, आणि त्याच भिंतीवर आता प्लास्टिकची वेल सोडली आहे. तिची पानं मी ओल्या फडक्याने पुसते. खऱ्या झाडाची धूळ निदान पाऊस तरी धुतो. शोकेसमध्ये काचेचे सहा कप आहेत, सोनेरी काठाचे. लग्नात आले तेव्हापासून ते पाहुण्यांसाठी ठेवले आहेत, आणि पाहुणे आले की आम्ही स्टीलच्या कपात चहा देतो, कारण काचेचे फुटतील. उंच स्टुलांवर बसलं की माझ्या नवऱ्याचे पाय अधांतरी लोंबतात. ते तिथे बसून पेपर वाचतात आणि उतरताना ओट्याला धरतात.

असो. हे सगळं मी सहन करू शकते. घर पोरांच्या हौसेनं सजतं, त्यात आपण फार बोलू नये. माझं एकच म्हणणं होतं, ते दाराचं.

जुनं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला होतं, अंधारं. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. त्याचं कौतुक मी करणार नाही, तिथे उन्हाळ्यात जीव उकडून निघायचा. पण त्याला दार होतं. जुन्या सागवानाचं, जड, लावताना खालच्या कोपऱ्याला जमिनीवर घासून कण्हायचं. त्या दाराच्या मागे, भिंतीला टेकून एक पाट असायचा.

मी सडक अर्जुनीकडच्या एका शाळेत शिक्षिका होते. सगळी नोकरी बसने जाण्यायेण्यात गेली. हायवेच्या ट्रकांचा धुरळा खात घरी यायचं, पायातली चप्पल काढायची आणि सरळ स्वयंपाकघरात. आत गेलं की टाचेने दार ढकलायचं आणि पाटावर बसायचं. काही करायचं नाही. कधी चार फुटाणे, कधी गुळाचा खडा. बाहेरच्यांना वाटायचं आत काहीतरी शिजतंय. शिजतही असायचं, पण ते आपलं आपण शिजत असायचं, मी बसलेली असायचे. मग उठायचं, दार उघडायचं आणि रात्री झोपेपर्यंत पुन्हा टेकायचं नाही.

कोणी म्हणेल, दार कशाला हवं, बाहेर बसायला कोणी मनाई केली होती? कोणीच नाही. आमच्या घरात कोणी वाईट नाही. पण मी इतक्या वर्षांत एक पाहिलं आहे, बाई बसलेली दिसली की घराला तहान लागते. कोणाला पाणी हवं होतं, कोणाला चहा, कोणाचा टॉवेल सापडत नाही. उभी असेपर्यंत मात्र कोणाला काही नको असतं. म्हणून दार.

गेल्या वर्षी मुलाने आणि सुनेने घर नवीन करायचं काढलं. सुनेने मला मुद्दाम जवळ बसवून विचारलं, "आई, किचन तुमचं आहे. तुम्हाला काय हवंय ते सांगा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, "मला काही नको. दार तेवढं राहू दे."

गोंदियाहून आलेला इंटिरियरवाला हसला. "आंटीजी, आजकल किचन में दरवाज़ा कौन लगाता है? आप अकेली पड़ जाओगी अंदर."

अकेली पड़ जाओगी! मला त्याला सांगावंसं वाटलं की बाबा, तेच तर मागते आहे. पण सून आणि मुलगा दोघं समोर होते, आणि आपल्याच माणसांसमोर मला एकटं बसायचं आहे हे कसं म्हणायचं? मी म्हटलं, "नाही, म्हणजे, दार असलेलं बरं असतं." मुलाने लगेच ओळखलं. चुकीचं ओळखलं. "अगं आई, फोडणीचा वास बाहेर येईल म्हणून म्हणतेस ना? त्याची काळजीच करू नको."

आणि त्यांनी चिमणी लावली. सगळ्यात महागातली, काचेची, बोट लावलं की सुरू होणारी. भिंत पडली, दार बिजागऱ्यांतून निघालं, आणि जिथे माझा पाट असायचा त्याच्या बरोब्बर वर ती चिमणी टांगली गेली. मुलगा म्हणाला, "आता खुश?" मी म्हटलं, "हो."

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा आपापला दिवस. गोवारी नाचतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात सगळ्यांचे पाहुणे. कोणाला आवतण द्यावं लागत नाही. सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. माझे यजमान त्या दिवशी सकाळीच आंघोळ करून फाटकात उभे राहतात आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला, "कोठी चालले जी? या ना, जेवूनच जाजा," म्हणून आत घेतात. त्यांचा चेहरा त्या दिवशी जसा उजळतो तसा वर्षात कधी उजळत नाही. पाहुणचार त्यांच्या अंगात आहे असं सगळे म्हणतात. खरंच आहे. त्यांच्या अंगात पाहुणचार आहे आणि माझ्या हातात कढईतला सराटा.

या वेळच्या मंडईला नवीन घर दाखवायची हौस वेगळीच होती. मुलगा-सून आदल्या दिवशी आले. माझी नणंद, म्हणजे यांची मोठी बहीण, तीही आली. पाहुण्यांची पानं मांडायला टेबल कमी पडत होतं. तेव्हा यांना ते जुनं दार आठवलं. अंगणात, मुनग्याच्या झाडाखाली, विटांच्या चार थप्प्या केल्या आणि त्यावर दार आडवं टाकलं. वर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड. "बघ, किती कामाचं निघालं," ते मला म्हणाले. मी ओट्याआडून बघितलं. आणखी चार पाहुण्यांची सोय झाली होती.

दुपार झाली आणि मोकळ्या स्वयंपाकघराचा खरा अर्थ मला कळला. पूर्वी आतून वड्यांची परात भरून बाहेर जायची, वाट्याला येईल तो वडा खायचा. आता पाहुणे स्टुलांवर चढून माझ्या समोरच बसले. कढईतून वडा निघतो कसा ते दिसायला लागलं, आणि दिसलं की ज्याला त्याला कढईतलाच हवा. "वहिनी, हा नोको, तो फुगलेला द्या." कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या एकीकडे, मटणाचा गंज दुसरीकडे, आणि ते एवढं मोठं पातेलं नव्या शेगडीवर धड बसत नव्हतं, ते एका हाताने धरायचं. चिमणी धानाच्या गिरणीसारखी घरघर करत होती, म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलत होते. सून बिचारी वाढत होती, ताटं उचलत होती, घामाघूम झाली होती. आल्या आल्या जो तो म्हणत होता, "वा! आता वहिनी एकट्या नाही पडणार."

माझे पाय सकाळपासून भरून आले होते. मी सवयीने टाच मागे नेली, दार ढकलायला. टाच हवेत गेली.

तेवढ्यात फाटकातून यांचा आवाज आला, "अजून चौघं येऊन राहिले वो!"

मी सराटा ठेवला, गॅस बंद केला आणि जिथे उभी होते तिथेच फरशीवर खाली बसले. सगळ्यांच्या समोर.

पुढे जे झालं ते आठवलं की मला हसू येतं, पण तेव्हा रडूच यायचं राहिलं होतं. सगळ्या घराची धावपळ उडाली. कोणी पंखा वाढवला, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. मुलाने दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि फोनवर ऑटो बोलवायला लागला. हे फाटकातून धावत आले, हातात लाल प्लास्टिकची खुर्ची. आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली होती.

"कोठी दुखून राहिलं? छातीत?"

"कुठे नाही. मी थकले."

"थकली म्हंजे? गरगरते का?"

"नाही हो. नुसती थकले."

कोणाचा विश्वास बसेना. बीपी बरोबर निघालं तरी बसेना. यंत्र खराब असेल म्हणाले. नणंद माझ्या शेजारी टेकली, मनगट धरलं, आणि मोठ्याने म्हणाली, "थकल्यावर अशी मधामध बसते का वो कोणी?"

तिच्याकडे नुसतं बघितलं. ती पण बघत राहिली. साठी उलटलेली बाई, पोरासुनांच्या घरची कर्ती. मग ती माझ्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मी तं न्हाणीत जाऊन बसतो. कडी लावतो, नळ सुरू ठेवतो. मंग कोणी आवाज नाही देत."

इतकी वर्षं ही बाई मंडईला आमच्याकडे येते. मी तिला नेहमी पाहुणी समजले, ती मला माहेरची वहिनी समजली, आणि दोघी आपापल्या घरी लपून बसत होतो. तिने माझं मनगट सोडलं नाही, पण नाडी बघणं मात्र सोडलं होतं. "काही झालं नाही हिले," ती उठून सगळ्यांना म्हणाली, "बसू द्या थोडं." आणि पदर खोचून तिने गॅस पेटवला. माहेरी आलेल्या लेकीने मंडईच्या दिवशी कढईला हात लावलेला आमच्या घराने कधी पाहिला नव्हता. स्टुलांवरचे दोघं आपणहून उतरले.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. मुलाने जाताना चार वेळा सांगितलं की ईसीजी काढून घे. सुनेने मिठी मारली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी कॅटरर सांगू, आई." पोरगी चांगली आहे, मी म्हटलंच. घर शांत झालं. लाल खुर्ची अजून ओट्याजवळच होती. मी भांडी लावत होते. हे आले, इकडेतिकडे बघितलं, खुर्ची जरा सरळ केली आणि तिच्यात बसले.

"चाय होईल का?" त्यांनी विचारलं.

मला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात बळ लागतं. "होईल," मी म्हटलं, "पत्तीचा डबा खालच्या ड्रॉवरमध्ये आहे." आणि हात पुसून बाहेर अंगणात आले.

मुनग्याखाली दार तसंच आडवं होतं. त्यावरचं कापड बाजूला केलं आणि मी दारावर बसले. चांगलं ऊन आलं होतं. लाकूड गरम झालं होतं. आतून ड्रॉवर उघडल्या-बंद केल्याचे आवाज येत होते. "साखर कोठी असते वो?" मी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, दोन कप घेऊन. सोनेरी काठाचे, शोकेसमधले. त्यांना घरात तेवढेच सापडले होते. चहा बिनसाखरेचा होता, पत्ती भारंभार पडली होती आणि वर साय तरंगत होती. या घरात मी न केलेला चहा मी पहिल्यांदा पीत होते. सगळा प्यायले.

ते उभेच होते. मी म्हटलं, "सुतार बोलावून हे दार बसवून घ्या."

त्यांनी दाराकडे बघितलं, मग घराकडे. "बसवू तं," ते म्हणाले, "पन आता भिंत कोठी आहे?"

खरं होतं. दार होतं, ते लावायला भिंत नव्हती. आणि नवी भिंत घालायचं, ती कशाला हवी ते मुलाला समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"मग हे इथंच राहू द्या," मी म्हटलं. "उचलू नका."

"बरं."

मी रिकामा कप त्यांच्यापुढे धरला. "आणि अर्धा कप अजून आणा. साखर वरच्या कप्प्यात आहे, चिमणीच्या बाजूला."

ते आत गेले. फाटकापासून ओट्यापर्यंत आता मध्ये काहीच नाही, त्यामुळे मी बसल्या जागेवरून ते मला सगळा वेळ दिसत राहिले, कप्पे उघडताना आणि लावताना.