पाण्याची वेळ

अडचण आली की आधी हात चालवायचे आणि देवाचं नाव सवड मिळेल तेव्हा घ्यायचं, अशी माझी सवय. सासूबाईंचं नेमकं उलट. यांचं मोठं आजारपण सरल्यावर कळलं की आईंनी समुद्रातल्या महादेवाला पाणी वाहण्याचा नवस परस्पर बोलून ठेवला आहे. मी चिडले. "महादेव काय आपल्या बेशातल्या देवळात नाही? नागपूरच्या माणसानं समुद्राला कशाला गुंतवावं?" त्या म्हणाल्या, "तवा तोच आठवला, तर मी काय करू?"

हिवाळ्यात आम्ही चौघं कोकणात गेलो. आई, हे, मी आणि शाळेत जाणारी आमची मुक्ता. समुद्राला लागून एक जुनं गेस्ट हाऊस होतं. उतरतं कौलारू छप्पर, लांब ओटी, खाऱ्या हवेनं कड्या इतक्या गंजलेल्या की दार खांद्यानं ढकलून लावावं लागे. ते सांभाळणाऱ्या काकू स्वतः वाढायच्या. आई मूळच्या मिरचीच्या भिवापूरच्या. आमटी गोड लागली म्हणून त्यांनी घरून आणलेली तिखटाची डबी उघडली. काकू बघतच राहिल्या. "तोंड भाजत नाही का हो?" आई म्हणाल्या, "जीभ जागेवर आहे का नाई, हे समजाले पाहिजे न."

देऊळ किनाऱ्यापासून आत, एका काळ्या खडकावर होतं. तिथवर जायला वाळूतून आणि दगडांमधून वाट होती. सकाळी निघताना काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाण्याची वेळ बघून जा हो." आमच्याकडे पाण्याची वेळ म्हणजे नळाची वेळ. मी 'बरं' म्हटलं, न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्या आणि पिंप काठोकाठ भरून ठेवलं, आणि मगच बाहेर पडले. उशीर झाला तो त्यातच. यांना अजून थकवा होता, म्हणून ते ओटीवरच्या झोपाळ्यावर पडून राहिले.

वाळूत चपला काढून आम्ही खडकाच्या पायऱ्या चढलो. आईंनी घरून आणलेल्या गडव्यातून पाणी वाहिलं, बेल वाहिला, आणि त्या जप करत बसल्या. मी त्यांना दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा हटकायला वळले, तर मुक्ता म्हणाली, "आई, आपल्या चपला तरंगतायत." ज्या वाळूतून आम्ही आलो होतो, तिच्यावर पाणी पसरलं होतं. घोट्याइतकं असेल, असं मला वाटलं. तळ्याकाठी वाढलेली माणसं आम्ही. पाणी असं बघता बघता चढतं, हे पुस्तकात वाचलेलं, पण अंगात मुरलेलं नव्हतं.

"उठा आई, लवकर."

"मले नाई उठता येत. गुडघा धरला."

त्यांचा गुडघा अधूनमधून धरतो आणि चोळला की सुटतो. मी खाली बसून जोर लावून चोळला. सुटेना. त्यांना काखेत धरून उचलायला गेले, तर त्यांनी अंग सोडून दिलं. मग मी ठरवलं की निदान मुक्ताला घेऊन पलीकडे जायचं आणि माणसं आणायची. आईंनी पोरीचं मनगट घट्ट पकडलं.

"सोडा तिला."

"नाई सोडत. बस वं तू पण."

मी त्यांची बोटं अक्षरशः उकलत होते. त्या ओढाताणीत माझा धक्का लागून पितळेचा गडवा पायऱ्यांवरून घरंगळला आणि त्या घोट्याइतक्या पाण्यात पडला. पडला तो थांबलाच नाही. कुणी दोरीनं ओढावा तसा आडवा ओढला गेला, एकदा चमकला आणि दिसेनासा झाला. मी आईंची बोटं सोडली.

किनाऱ्यावर काष्टा घातलेली एक म्हातारी उभी दिसली. मी हात हलवले. तिनं दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले. बसा. आणि ती स्वतःही आमच्याकडे तोंड करून वाळूत बसली. थोड्या वेळानं हे धावत आले आणि थेट पाण्याकडे निघाले. यांना पोहता येत नाही. त्या बाईनं उठून यांचा हात धरला, काहीतरी म्हटलं, आणि हे मुकाट्यानं तिच्या शेजारी बसले.

पाणी पायरी पायरी चढत होतं. लाटेचे शिंतोडे तोंडावर येत होते. ते कुठवर चढणार हे मला माहीत नव्हतं आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असेल. मी मुक्ताला मांडीशी ओढून पिंडीपाशी बसले. आल्यापासून माझं लक्ष घड्याळाकडे आणि पायऱ्यांकडेच होतं, पिंडीकडे मी तेव्हा नीट पाहिलं. तिच्यामागे भिंतीच्या कडेला, जमिनीवर, कुणीतरी वाहिलेला जुना बेल होता. वाळून कुरकुरीत झालेला, पण जागच्या जागी. म्हणजे पाणी इथवर आलेलं नव्हतं. मी ते पान बोटानं दाबून पाहिलं आणि मला रडू आलं. आई नुसत्या म्हणाल्या, "आता कशी पाहून राहिली."

दुपार कलताना वाट उघडी पडली. आई भिंतीला हात लावून सरळ उठल्या. मी विचारलं, "गुडघा कधी सुटला?"

"मघाच. तो गडवा गेला न, त्याच्या आधी."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तर तू पोरीले घेऊन निघाली असती."

आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा हे एकटेच उभे होते. ती बाई आम्ही पायऱ्या उतरताना उठून गेली होती. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "असेल वाडीतली कोणी." दुसऱ्या दिवशी मी वाडीत फिरले, ती दिसली नाही. ती तुमच्याशी काय बोलली, हे मी यांना विचारलं. "बसा म्हणाली. एवढंच."

ती कोण, गुडघा ऐन वेळी कोणी धरला, याचा हिशेब मी लावत नाही. मुक्ता सुखरूप घरी आली, तेवढं मला पुरतं. अडचण आली की माझे हात आजही आधी चालतात. फक्त आता ते चालेनासे झाले, की मी आईंच्या शेजारी जाऊन बसते. त्या जपाची माळ न थांबवता थोडं सरकून जागा देतात.