सगळ्यांची एकच बारी

"आधी त्यांची बारी होऊ द्या." हे माझ्या शेजाऱ्याचं वाक्य. पिठाच्या गिरणीत हेच, एसटीच्या दारात हेच. मागून आलेल्या माणसाला पुढं करायचा आणि जागा गेली की दांडीला धरून हसत उभा राहायचा.

हे खूळ त्याला घाटानं लावलं. नदीचा घाट नव्हे. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाडे पळतात, त्या धावपट्टीला घाट म्हणतात. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो, ती त्याची बारी. ती संपल्याशिवाय दुसऱ्यानं निघायचं नाही. या माणसानं पंचवीस वर्षं गाडा पळवला, पण कुणाच्या बारीत आडवा गेला नाही. उगाच स्तुती करत नाही मी. बांधावरून आमचं दोनदा भांडण झालेलं आहे.

माझी बायको गेली तेव्हा गाव येऊन बोलून गेलं. हा बोललाच नाही. रोज सकाळी यायचा, माझ्याच चुलीवर चहा करायचा आणि साखर लई टाकायचा. "गोड झाला," म्हटलं तर म्हणायचा, "उद्या बिनसाखरेचा पिऊ, तात्या." तो उद्या काही आला नाही.

मग धरणाच्या पाण्यावर पुण्याचे एक सर शिडाच्या नावा घेऊन आले. गावची पोरं शिकली. त्यात याची पोरगी साक्षी, चौदा वर्षांची, सगळ्यांत तरबेज. शेवटी सरांनी शर्यत लावली. नावेत एक पोर आणि त्याची आई नाहीतर बाप. नावा सहा. पहिल्या तीन नावांतली पोरं पुढं शिकायला नेणार, राहणं-शाळा तिकडंच. साक्षी आठ दिवस धड जेवली नाही.

"आबा, सुकाणू माझ्याकडं," तिनं बापाला बजावलं. "तुमी शिडाची दोरी धरायची. मी वढा म्हनलं की वढायची."

"म्हंजे मी बैल?"

"व्हय."

"चालंल. कासरा तुझ्या हातात."

भोंगा वाजला. पाच नावा निघाल्या. सहावी जागच्या जागी, शीड नुसतं फडफडतंय. ह्या बहाद्दरानं दोरी सोडून दिलेली!

"आबा, वढा ना!"

"अगं, त्यांची बारी चाललीया!"

"हितं बारी नसती! सगळ्यांची एकदमच हाये!"

काठावर आम्ही पोट धरून हसलो. मग मला पोरीचं तोंड दिसलं आणि माझं हसू गेलं.

त्यानं दोरी अशी ओढली की नाव कलली आणि त्याची टोपी पाण्यात गेली. तिकडं बघितलंसुद्धा नाही. बाकीच्या नावांत बाप पोरांना अक्कल शिकवत होते. हा एकटा पोर सांगेल तेवढंच करत होता. एक नाव मागं पडली, मग दुसरी. तिसरी नाव मात्र दोन हातांच्या अंतरानं हुकली. चौथा नंबर.

पोर रडली नाही. खाली मान घालून शीड गुंडाळत बसली. ते बघवत नव्हतं. हा ओल्या कपड्यांनी सरांपुढं उभा राहिला.

"सर, चुकी माझी हाये, पोरीची न्हाई. पायजे तर दुसरा बाप द्या आन परत पळवा तिला."

सरांना हसू आवरेना. "बाप हाच राहू द्या," ते म्हणाले. "सगळ्यांच्या मागून निघून तिनं चौथी आणली. तीन नाही, चार पोरं नेतो."

तो मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि साक्षी त्याच्या डोक्यावरचं पाणी ओढणीनं पुसत राहिली.

जूनमध्ये ती गेली. त्यानंतर एका सकाळी हा चहाला आला नाही. मी शोधत पाण्यावर गेलो. सरांनी ठेवलेल्या जुन्या नावेत, पोरीच्या जागेवर, सुकाणू धरून एकटाच बसला होता.

"बसा, तात्या. एकट्यानं चालत न्हाई ही."

"अरे, मला पोहता येत नाही."

"मलाबी कुटं येतंय?" तो म्हणाला. "पोरीला सांगू नका."

मी चपला काठावर काढल्या आणि बसलो.