डोळ्यात अंगठी

माझ्या बहिणीचा डावा डोळा मी एका पत्रकाने घालवला. पत्रक अर्ध्या पानाचं होतं.

तन्वी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला एसटीची पाटी वाचता येईना. देवरुखची समजून ती लांज्याच्या गाडीत बसायची. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. आम्ही तिला मोबाइल कमी कर म्हणून सुनावायचो. (मी सगळ्यात जास्त. लोकजागृतीची सुरुवात मी घरापासून करतो.) शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, केराटोकोनस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. दोन्ही डोळ्यांना आधी रिंग बसवू, सोबत थेंब आणि किरणांनी पडदा कडक करू म्हणजे आजार थांबेल, नजर स्थिरावली की उरलेल्या नंबरासाठी आत लेन्स. फक्त उशीर करू नका.

आईने हे सगळं शेजारच्या सावंतकाकूंना फोनवर एका वाक्यात सांगितलं: तन्वीची रिंग आहे सोमवारी. तासाभरात काकू नारळ आणि खण घेऊन दारात! मुलगा काय करतो, मुंबईला असतो का, आम्हाला कळवलंही नाहीत, असा रुसवाही सोबत आणला होता. रिंग डोळ्यात बसवायची आहे हे कळल्यावर त्या खण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"अगो, डोळ्यात अंगठी कोण घालतं?"

शहाण्या माणसाने इथे हसून विषय सोडला असता. मी चळवळीतला, मला त्या प्रश्नात जनतेचा आवाज ऐकू आला. एका डोळ्याला तीन-तीन उपचार, वर अंगठी! रिंग म्हणजे काय, हे डॉक्टरांना साधं विचारावं असं काही मला सुचलं नाही. (आम्ही विचारत नाही. आम्ही जाब विचारतो.) संध्याकाळपर्यंत पत्रक छापून तयार: 'डोळ्यात अंगठ्या घालणाऱ्यांनो, उत्तर द्या!' मारुती मंदिरच्या नाक्यावर उभं राहून मी ते हातोहात वाटलं. एक तन्वीला दिलं. तिने ते नाकाला टेकवलं आणि वाचून दाखव म्हणाली. मी भाषणाच्या सुरात वाचून दाखवलं.

"दादा, मी फार्मसी शिकते," ती म्हणाली. "ती अंगठी नाही. कापलेल्या नखाएवढी कमान असते. शंकू सपाट करायला."

तुला त्यांनी फितवलंय, असं मी तिला समजावलं. आई घाबरली, बाबा आधीच गोंधळलेले. सोमवार गेला. मग सात महिने गेले. पत्रकाला कोणीच उत्तर दिलं नाही, हा मी विजय धरला.

एका सकाळी तन्वीचा डावा डोळा दुखू लागला आणि समोरचं सगळं दुधाळ झालं. पडदा आतून फाटून त्यात पाणी भरलं होतं. पाणी ओसरलं, मधोमध पांढरा डाग मागे राहिला. पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर बसलो. ते मला एक शब्द बोलले नाहीत. (शिव्या दिल्या असत्या तर पत्रक तरी काढता आलं असतं.) तन्वीला एवढंच म्हणाले, उजव्याला अजून वेळ आहे, डाव्याला आता रिंग नाही, किरण नाहीत, कोणीतरी मरताना मागे ठेवून गेलेला पडदा मिळेल तेव्हा तो बदलू.

उजव्या डोळ्याला रिंग बसली, किरण झाले, काही महिन्यांनी लेन्स. आज ती औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचते. डावा डोळा पडद्याच्या प्रतीक्षायादीत आहे.

प्रायश्चित्त म्हणून मी नेत्रदानाचा अर्ज भरला आणि फार मोठं काही केल्यासारखा तिच्यापुढे ठेवला. तिने उजव्या डोळ्याने तो पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला.

"मरेपर्यंत कशाला थांबतोस, दादा?" ती म्हणाली. "आत्ताच दे. तसेही तू वापरत नाहीस."