दिग्दर्शक कोण?

माझी पहिली फिल्म तीन मिनिटांची. फिल्मचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत प्रवेशासाठी ती पाठवायची होती. दिग्दर्शक म्हणून लोकांनी मला ओळखावं, एवढीच तेव्हा माझी हाव. पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं. चंडीगडमध्ये चौकाचौकात वाळूच्या पोत्यांआड बंदुका. सेक्टर सतरात कॅमेरा काढायचा तर पोलिसांची परवानगी हवी. आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह धावून आले. "दिवस वाईट आहेत, मुलीचं नाव सरकारी कागदावर नको," म्हणत त्यांनी अर्जात दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव घातलं. बाबांनी वर त्यांचे आभार मानले. माझा नुसता जळफळाट झाला.

गोष्ट साधी होती. एक बाई बाकावर बसून नवऱ्याच्या बसची वाट पाहते. बाई म्हणजे माझी आई. तिला अभिनय करावाच लागला नाही. बाबांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती घरी हेच करायची. कार्यवाह टाय लावून आले होते. मी "ॲक्शन" म्हटलं की माझ्यामागून तेही म्हणायचे.

शेवटच्या शॉटला एक हवालदार आला. आईच्या मागे बँक दिसत होती आणि बँकेपुढे पोलिसांचा पहारा; त्याचं चित्रण आमच्या परवानगीत बसत नव्हतं.

"डायरेक्टर कौण ए?"

कार्यवाहांनी टाय सारखा केला. "जी, मैं."

"चलो फिर थाणे."

"नहीं जी, डायरेक्टर तो ये लड़की है! मैं तो बस साथ में आया हूँ."

इतका झटपट राजीनामा मी पुढे कुणाचाच पाहिला नाही. हवालदाराला कॅमेरा उघडून बघायचा होता. उघडला असता तर उजेड लागून अख्खा रोल फुकट गेला असता. मी कॅमेरा पोटाशी धरून ठाण्यात गेले. आई सोबत आली, कार्यवाह घरी गेले. बँकेचा शॉट कापून टाकीन, असं लिहून दिल्यावर तासाभराने आम्ही सुटलो.

मला प्रवेश मिळाला. मंडळाने कौतुकाने फिल्म दाखवली. कार्यवाह माइकवर म्हणाले, "माझ्या दिग्दर्शनाखाली तयार झालेली..." टाळ्या पडल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात आई उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई.

"अहो, दिग्दर्शक तुम्ही होतात, तर ठाण्यात माझ्या मुलीला कशाला पाठवलंत?"